डायलर-लिस्ट कोणाला अडवते? धुळ्याच्या वाचकांना उत्तर

भाऊ, आयएसडीएनसाठी (टेलिफोनच्या तारेवरची, कॉल लावून चालणारी डिजिटल जोडणी) राउटर कसा लावायचा या माझ्या लेखावर तुम्ही धुळ्याहून सविस्तर लिहिलंत. तुमचं म्हणणं असं: डायलर-लिस्टमध्ये (कोणत्या पॅकेटसाठी कॉल लावायचा याची राउटरमधली यादी) रिप (राउटर एकमेकांना रूट, म्हणजे नेटवर्कचे रस्ते, कळवतात ती पद्धत) डिनाय केलं, म्हणजे नाकारलं, तर रूट पलीकडे पोचणारच नाहीत, म्हणून सरळ ‘परमिट आयपी’ (सगळ्या पॅकेटना परवानगी) लिहावं, माझ्या कॉन्फिगमध्ये स्पिड (SPID) नंबर, म्हणजे एक्स्चेंजने लाइनला दिलेले ओळख नंबर, नाहीत, दोन चॅनेलचे मिळून १२८ केबीपीएस मिळतात हे वाक्य अर्धवट आहे, आणि फायबरच्या दिवसांत हे कोणाला हवंय?

१२८ बद्दल तुम्ही बरोबर आहात. डेटा नेणारा बी चॅनेल ६४ केबीपीएसचा एकेक. दोन जोडायचे तर दोन्ही टोकांना ‘पीपीपी मल्टिलिंक’ हवं, आणि दुसरा चॅनेल केव्हा उचलायचा ते ‘डायलर लोड-थ्रेशोल्ड’ने सांगावं लागतं. शिवाय दुसरा चॅनेल म्हणजे दुसरा कॉल, त्याचं बिल वेगळं. हे मी आधीच लिहायला हवं होतं. आता लेखात घातलंय.

स्पिड मात्र उत्तर अमेरिकेतल्या एक्स्चेंजना लागतात. आपल्याकडे राउटरला स्विच-टाइप (एक्स्चेंजचा प्रकार) ‘बेसिक-नेट३’ दिला की स्पिडचा प्रश्नच येत नाही.

आता डायलर-लिस्ट. इथे मी अडून बसणार आहे, कारण याच गैरसमजापायी एका पतसंस्थेचे पैसे गेलेले मी पाहिलेत. मुख्य कार्यालय जळगावला, शाखा अमळनेर तालुक्यात. आयएसडीएनचं बिल नेहमीच्या कितीतरी पट आलं. सगळ्यांनी एक्स्चेंजला दोष दिला. मी शाखेत गेलो तेव्हा तिथला शिपाई राउटरकडे बोट दाखवून म्हणाला, “सायेब, हाऊ दिवा रातभर चालूच ऱ्हास.” बी-वनचा, म्हणजे पहिल्या बी चॅनेलचा, हिरवा दिवा. शाखेला कुलूप, कॉम्प्युटर बंद, आणि लाइन चालू!

राउटरवर ‘शो डायलर’ ही आज्ञा दिली. ‘डायल रीझन’पुढे सोर्स म्हणून राउटरचाच पत्ता आणि डेस्टिनेशन २५५.२५५.२५५.२५५. म्हणजे रिपचं ब्रॉडकास्ट. रिप दर ३० सेकंदांनी आपले रूट ओरडून सांगतं. आयडल-टाइमआउट (कामाचं पॅकेट आलं नाही तर किती वेळाने लाइन तोडायची ते घड्याळ) न बदलता ठेवला तर १२० सेकंदांचा असतो. ‘परमिट आयपी’मुळे रिपचं प्रत्येक पॅकेट कामाचं ठरत होतं आणि घड्याळ पुन्हा १२० वर जात होतं. लाइन तुटणार कधी?

तुम्ही डायलर-लिस्टला फिल्टर समजताय. ती कोणालाच अडवत नाही. अमळनेर-धुळे काळी-पिवळी आठवा. टपावर कोणी भाजीचं पोतं टाकलं म्हणून ड्रायव्हर गाडी काढत नाही. सवारी भरली की निघतो, आणि मग तेच पोतंही धुळ्याला पोचतं. डायलर-लिस्ट एवढंच ठरवते की सवारी कोण. जे पॅकेट तिच्यात डिनाय आहे ते कॉल लावू शकत नाही आणि घड्याळ मागे फिरवू शकत नाही. पण लाइन चालू असेल तर तेही बिनबोभाट पलीकडे जातं. पॅकेट खरोखर अडवायचं असेल तर इंटरफेसवर ‘आयपी अॅक्सेस-ग्रुप’ लावावा लागतो, ते वेगळं काम.

म्हणून १०१ नंबरची अॅक्सेस-लिस्ट: आधी यूडीपी ५२० (रिपचा पोर्ट) डिनाय, मग बाकी आयपी परमिट, आणि ती डायलर-लिस्टला जोडायची. क्रम उलटा झाला तर डिनायपर्यंत गोष्ट जातच नाही.

तुमच्या काळजीत एक खरी गोष्ट आहे, ती सोडत नाही. लाइन बंद असताना रिपने शिकलेला रूट १८० सेकंदांनी बाद होतो. मग राउटरला पलीकडचं नेटवर्क कुठे आहे तेच माहीत नसतं, आणि खरं काम आलं तरी तो डायल करत नाही. यावर उपाय स्टॅटिक रूट, म्हणजे हाताने लिहून ठेवलेला रूट. दोन टोकांच्या अशा जोडणीत मी तर रिप ठेवतच नाही. त्या शाखेत स्टॅटिक रूट टाकले, बीआरआयला (राउटरच्या आयएसडीएन पोर्टला) ‘पॅसिव्ह-इंटरफेस’ केलं, म्हणजे तिथून रिप पाठवणं बंद केलं, आणि दोन मिनिटांनी दिवा विझला. शिपायासकट आम्ही सगळे बघत उभे होतो.

एक जाता जाता. काही एक्स्चेंज कॉल नसताना लेयर १ (तारेवरचा सिग्नल) झोपवतात. ‘शो आयएसडीएन स्टेटस’मध्ये ‘डीअॅक्टिव्हेटेड’ दिसलं म्हणून लगेच एनटी-वन (लाइनच्या टोकाला लावलेला डबा) बदलायला धावू नका. आधी पलीकडे पिंग टाका, कॉल लागू द्या, मग पुन्हा बघा. ‘मल्टिपल फ्रेम एस्टॅब्लिश्ड’ आलं तर लाइन ठणठणीत आहे.

फायबर आलंय हे खरं. पण रस्ता खोदताना ते तुटतं तेव्हा शाखा सिमकार्डावर येते, आणि सिमच्या कितीतरी राउटरमध्ये हीच डायलर-लिस्ट लिहावी लागते. तिथेही जोडणी कोणामुळे लागणार आणि चालू राहणार ते तीच ठरवते.

तुमच्याकडे बॅकअपला अजून आयएसडीएन आहे असं लिहिलंत. आज रात्री शाखा बंद झाल्यावर ‘शो डायलर’ करा आणि ‘डायल रीझन’ची ओळ मला पाठवा. आपण मिळून बघू.