फ्रान्स घेऊन खेळायचं तर आधी घोडे आवरा

मे महिन्याच्या सुट्टीत भाचा राहायला आला होता, यंदा नववीत गेलाय. माझ्या लॅपटॉपवर मेडिवल टू टोटल वॉर हा मध्ययुगातल्या लढायांचा गेम दिसल्यावर त्याने पहिल्या झटक्यात फ्रान्स निवडला. का रे, विचारलं तर म्हणाला, "मावशी, यांचं घोडदळ सगळ्यात भारी आहे."

तिसऱ्या दिवशी नॉर्मंडीत काँ शहराबाहेर इंग्रजांशी गाठ पडली. समोर लाँगबो म्हणजे लांब धनुष्यवाले तिरंदाज आणि त्यांच्या पुढ्यात जमिनीत तिरके रोवलेले टोकदार खुंट. पोराने सरदारांच्या तिन्ही तुकड्या आणि युवराजाची तुकडी सरळ त्या खुंटांवर घातली. पहिली रांग जागीच आडवी झाली, मागचे पुढच्यांवर आदळले, वरून बाणांचा पाऊस. मिनिटभरात सगळा खेळ आटोपला. तो स्क्रीनकडे बघत हळूच म्हणाला, "मावशी, युवराज गेला."

हा गेम २००६ साली आला आणि मी अनेक वर्षं त्यात बहुतेक वेळा फ्रान्सच घेऊन खेळत आले आहे. फ्रान्स म्हणजे सोपा पक्ष, पैसा भरपूर, जागा मोक्याची, सरदार पाठवा आणि मैदान मारा, असं कुणी म्हटलं की मला राहवत नाही. माझं मत नेमकं उलटं आहे. फ्रान्सचं घोडदळ हीच फ्रान्सची सगळ्यात मोठी परीक्षा आहे. हातात इतकी जबरदस्त ताकद असली की माणूस ती वापरायची घाई करतो, आणि ही घाईच फ्रान्सला बुडवते. गेममध्ये बुडवते, इतिहासातही तिने बुडवलंच.

११ जुलै १३०२. आजच्या बेल्जियममधल्या कुर्त्रेजवळ फ्लँडर्समधल्या शहरांचे विणकर आणि कारागीर पायी उभे होते, हातात लांब भाले आणि जाडजूड सोटे. पुढे ओढे आणि चर. फ्रेंच सरदार तशाच जमिनीवरून त्यांच्यावर चालून गेले आणि शेकड्यांनी मारले गेले. त्यांच्या टाचांचे सोनेरी काटे गोळा करून चर्चमध्ये टांगले, म्हणून ती सोनेरी काट्यांची लढाई. पुढे १३४६ ला क्रेसी, १३५६ ला प्वातिये, दोन्हीकडे इंग्रजांसमोर हार. प्वातियेला तर खुद्द राजा जाँ दुसरा कैद झाला आणि त्याच्या सुटकेसाठी तीस लाख सोन्याच्या एक्यूंची खंडणी ठरली. गेममध्ये लढाईनंतर कैद्यांची खंडणी मागायची सोय आहे ना, ती स्क्रीन आली की मला दर वेळी हा राजा आठवतो.

इंग्रजांनी पुन्हा जिंकलेल्या १४१५ च्या अ‍ॅजिनकोर्टच्या लढाईबद्दल एक गैरसमज सगळीकडे दिसतो, की तिथे फ्रेंचांचं सगळं घोडदळ खुंटांवर जाऊन मेलं. खरं तर बहुतेक फ्रेंच सरदार त्या दिवशी पायी लढले. घोड्यावरच्या तुकड्या थोड्याच होत्या आणि त्या दोन्ही बाजूंनी तिरंदाजांवर सोडल्या होत्या. रात्रभराच्या पावसाने नांगरलेल्या शेताचा नुसता राडा झालेला, दोन्ही बाजूंना झाडी. खुंट आणि बाणांपुढे घोडे बिथरले, मागे फिरले आणि चिखल तुडवत येणाऱ्या आपल्याच माणसांत घुसले. भाच्याच्या लढाईत मागची रांग पुढच्या रांगेवर चढली ते बघून माझ्या पोटात खड्डा पडला तो यामुळेच.

मग खेळायचं कसं? पहिली गोष्ट, हल्ल्याचा हुकूम देताना डबल-क्लिक करू नका. डबल-क्लिक केलं की घोडे लगेच उधळतात, रांग मोडते, भाले खाली येतच नाहीत आणि धडक वाया जाते. आधी रांग सरळ करा, शत्रूसमोर मोकळं मैदान राहील इतक्या अंतरावर तुकडी चालत न्या, मग एकदाच क्लिक. घोडे आधी चालतात, मग दुडक्या चालीने जातात आणि शेवटच्या टप्प्यात सगळे भाले एकदम खाली येतात. ते दृश्य इतक्या वर्षांनीही माझ्या अंगावर काटा आणतं. आणि ही धडक समोरून नाही, बाजूने किंवा पाठीमागून. खुंट लढाईआधी मांडामांड करतानाच रोवता येतात, एकदा लढाई सुरू झाली की ते हलत नाहीत. म्हणजे तुम्ही त्यांच्यासमोर जायचंच नाही. वळसा घ्या, त्यांना जागा सोडायला लावा, पायदळ पुढे करा.

दुसरं म्हणजे काही लढाया लढूच नका. फ्रान्सचा राजा पाचव्या शार्लने हेच केलं. त्याने १३७० मध्ये बर्त्राँ द्यु गेक्लाँला कॉनेस्टेबल, म्हणजे सरसेनापती केलं. हा ब्रिटनी प्रांतातला माणूस, मोठ्या घराण्यातला नव्हे. त्याने इंग्रजांना हवी असलेली मैदानी लढाई दिलीच नाही. गड एकेक करून घेतले, रसद तोडली. १३७३ ला इंग्रज राजपुत्र जॉन ऑफ गाँट कॅलेहून निघून मध्य फ्रान्स तुडवत बोर्दोपर्यंत गेला, पण वाटेत माणसं आणि घोडे गमावत गेला आणि हाती काही लागलं नाही. १३८० पर्यंत इंग्रजांकडे किनाऱ्यावरची मोजकी ठाणी उरली. गनिमी कावा ऐकत वाढलेल्या मराठी माणसाला यातलं मर्म वेगळं समजावायची गरज नाही.

गेमशी माझं एका बाबतीत मात्र मनापासून भांडण आहे. १०८० साली खेळ सुरू होतो तेव्हा पॅरिसपासून आंजे आणि मार्सेपर्यंतचा मुलूख फ्रान्सच्या एका निळ्या रंगात दिसतो. त्या वर्षी गादीवर होता फिलिप पहिला, आणि त्याचा खरा हुकूम चालायचा तो पॅरिस-ओर्लेआँच्या आसपास. आंजे तिथल्या काउंटचं, म्हणजे सरंजामदाराचं होतं. मार्से ज्या प्रोव्हाँसमध्ये आहे तो प्रांत फ्रेंच राजाकडे आला १४८१ ला! फ्रान्स घडायला कित्येक पिढ्या गेल्या. फिलिप दुसऱ्याने १२०४ मध्ये इंग्लंडच्या राजाकडून नॉर्मंडी घेतली तेव्हा कुठे या राजांना बळ आलं. आपलेच मांडलिक सांभाळताना त्यांची होणारी तारांबळ गेममध्ये असती तर फ्रान्सची खरी गोडी कळली असती.

आणि शेवटी तोफा. बारूद सापडल्यावरही बरेच जण सरदारांनाच कवटाळून बसतात. १७ जुलै १४५३ ला कास्तियाँच्या लढाईत फ्रेंचांच्या जाँ ब्युरोच्या तोफांनी चढून येणाऱ्या इंग्रजांना भाजून काढलं, त्यांचा सेनापती टॅलबट तिथेच पडला. शंभर वर्षं फ्रेंच जे करत आले ते त्या दिवशी इंग्रजांनी केलं. तयार मोर्च्यावर थेट धडक.

भाच्याने जुनी सेव्ह उघडायला नकार दिला. नवीन कॅम्पेन सुरू केलं. जायच्या आदल्या रात्री पुन्हा काँबाहेर तेच लाँगबोवाले, तेच खुंट. या वेळी त्याने घोडदळ डावीकडच्या झाडीमागे उभं केलं, पायदळ पुढे सरकवलं आणि माउसवरचा हात काढून बसला. मी विचारलं, "आता?" तर म्हणाला, "थांब ना मावशी, अजून त्यांची पाठ दिसत नाहीये."