जॉर्जिया 2020: कागद हाताने मोजला गेला, हे त्या पोस्टमध्ये का नाही?

"जॉर्जियात ट्रम्पच जिंकले होते. टेबलाखालून मतांच्या सूटकेस काढल्या, यंत्रांनी मतं फिरवली, मध्यरात्री बायडन यांची मतं अचानक वाढली, दहा हजार मेलेल्यांनी मतदान केलं." अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यातल्या 2020 च्या अध्यक्षीय निवडणुकीबद्दलची ही पोस्ट अजून फिरतेच आहे. अधिकृत निकाल असा: बायडन 24,73,633, ट्रम्प 24,61,854, फरक 11,779.

यंत्रांचा आरोप आधी घेऊ, कारण बाकीचे त्याच्याच आधाराने उभे आहेत. 2020 मध्ये जॉर्जियात मतदान केंद्रावरच्या टचस्क्रीनवर मत दिलं की कागद छापून यायचा. त्यावर क्यूआर कोड असायचा आणि उमेदवाराचं नावही. स्कॅनर कोड वाचायचा, त्यामुळे शंका घ्यायला जागा होती. पण नोव्हेंबरमध्ये सुमारे 50 लाख कागद हाताने मोजले. दोघांची जोडी: एकाने छापलेलं नाव मोठ्याने वाचायचं, दुसऱ्याने खात्री करून त्या उमेदवाराच्या गठ्ठ्यात ठेवायचं. कोडकडे बघायचंच नाही. आपल्याकडे व्हीव्हीपॅटच्या चिठ्ठ्या विधानसभा मतदारसंघामागे पाचच यंत्रांच्या ताडतात. तिथे राज्यातले सगळे कागद मोजले. बायडन 12,284 मतांनी पुढे. याच मोजणीत फ्लॉइड काउंटीत (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा भाग) स्कॅन न झालेल्या सुमारे 2,600 मतपत्रिका सापडल्या, फेएट काउंटीत मेमरी कार्डवरची 2,755 मतं बेरजेत धरायची राहिली होती. दोन्हींचा फायदा ट्रम्प यांना झाला आणि ती मतं निकालात धरली गेली. मग ट्रम्प यांच्या मागणीवरून स्कॅनरने फेरमोजणी झाली. 11,779 हा आकडा तिथला.

सूटकेस? अटलांटातल्या स्टेट फार्म अरीना या स्टेडियममध्ये फुल्टन काउंटीची मोजणी चालू होती, तिथले ते मतपत्रिका ठेवायचे नेहमीचे डबे. रात्री साडेदहाच्या सुमारास काम संपलं असं समजून कर्मचाऱ्यांनी ते बंद करून टेबलाखाली ठेवले, निरीक्षक आणि पत्रकार निघून गेले. मग काम थांबवू नका असा निरोप आला, तेव्हा तेच डबे बाहेर काढले. निरीक्षक नसताना मोजणी चालू राहिली हा ढिसाळपणाच, आणि संशय तिथूनच वाढला. पण पूर्ण चित्रीकरणात डबे भरताना आणि आत ठेवतानाही दिसतात. व्हायरल तुकडा त्यानंतर सुरू होतो.

मध्यरात्रीची वाढ टपाली मतांची. अशी मतं सुमारे 13 लाख होती आणि त्यांतली जवळपास 65 टक्के बायडन यांना पडली. ती उशिरा मोजली गेली, म्हणून आलेख उशिरा वळला.

मेलेल्यांचा आकडा 10,315 सांगितला जातो. नाव आणि जन्मवर्ष एवढंच जुळवलं की एकाच नावाची जिवंत माणसंही मृतांच्या यादीत जातात. राज्याच्या तपासात अशी मतं निघाली चार.

एक तक्रार मात्र खरी आहे. फुल्टन काउंटीत फेरमोजणीच्या वेळी तीन हजारांच्या आसपास मतपत्रिका दोनदा स्कॅन झाल्या. 2024 मध्ये राज्य निवडणूक मंडळाने काउंटीला त्याबद्दल समज दिली. मात्र हातमोजणी त्याआधीच झाली होती आणि तिच्यात स्कॅनर नव्हताच.