एकटी जाईल का ती?

गेल्या महिन्यात आमच्या घरच्या ग्रुपवर तीन दिवस एकच विषय चालला होता. माझी धाकटी बहीण पुण्यात सिंहगड रस्त्यावर राहते. तिची सानिका अकरा वर्षांची. चित्रकलेचा क्लास घरापासून चालत दहा मिनिटांवर आहे, फक्त मध्ये सिंहगड रस्ता आडवा येतो. सानिकाचा हट्ट, मी एकटी जाणार. तिच्या बाबांना वाटतं, जाऊ दे. बहिणीचा जीव होत नाही. आई म्हणाली, दिवस चांगले नाहीत. काकांनी लिहिलं, मुलीची जात आहे, उगाच धाडस नको. शेवटी सगळे माझ्याकडे वळले, कारण माझी मैत्रेयी दहाव्या वर्षापासून जर्मनीत, श्टुटगार्टमध्ये एकटी शाळेत जाते. बहिणीनं विचारलं, "ताई, तुमच्याकडे कितव्या वर्षी सोडतात गं?"

मी ग्रुपवर आकडा टाकला नाही. सहा म्हटलं असतं तर ते खरं असतं, पण सानिकाच्या काही कामाचं नसतं. म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

मैत्रेयी पहिलीत जायच्या आधी शाळेनं पालकांची सभा घेतली होती. अभ्यासाबद्दल बाई जेमतेम दहा मिनिटं बोलल्या. बाकी सगळा वेळ गेला तो शाळेच्या वाटेवर. प्रत्येकाला परिसराचा नकाशा दिला, त्यात कुठून ओलांडायचं त्या जागा दाखवल्या होत्या. शाळा सुरू व्हायच्या आधीच्या सुट्टीत ही वाट मुलाबरोबर पुन्हा पुन्हा चाला, आणि शाळेच्या वेळेलाच चाला, कारण दुपारचा रस्ता वेगळा आणि सकाळचा वेगळा. गाडीनं गेटपर्यंत सोडायला येऊ नका, हे तर दोनदा सांगितलं. गेटसमोर उभ्या राहणाऱ्या पालकांच्या गाड्यांमुळेच चालत येणाऱ्या मुलांना धोका होतो. या सवयीला इथे ‘एल्टर्नटॅक्सी’ म्हणतात, आईबापांची टॅक्सी, आणि ती इथेही वाढते आहे. जर्मनीत सगळी मुलं आनंदानं चालत जातात असं कुणी समजू नये.

इथल्या बऱ्याच गावांत फुटपाथवर पिवळी पावलं रंगवलेली असतात. मुलानं कुठे थांबायचं, कुठून ओलांडायचं, ते या पावलांवरून कळतं. मैत्रेयीला ती पहिल्यांदा दाखवली तेव्हा ती म्हणाली, "आई, गौरीची!" आमच्याकडे गौरी आणताना दारापासून आतपर्यंत पावलं काढतात ना, ती तिला आठवली. मग सहा महिने ती एकेका पावलावर नीट पाय ठेवूनच चालायची.

मला या देशात सगळ्यात जास्त काय भावलं असेल तर ते सिग्नलवरचं वागणं. सकाळी सव्वासातला, थंडीत, अंधार असतो. लांबवर गाडी नाही. कामावर जायची घाई असलेला माणूस लाल दिव्यापाशी येतो, पाय उचलतो, आणि शेजारी दप्तर घेतलेलं मूल दिसलं की परत मागे होऊन उभा राहतो. काही सिग्नलवर पाटीच असते, मुलांसमोर चांगलं उदाहरण ठेवा. एकदा मी स्वतः बस पकडायला लाल दिव्यात धावले होते. एका आजीबाईंनी मला पलीकडच्या फुटपाथवर गाठून सांगितलं, तिकडे दोन मुलं उभी होती, तुम्हाला बघत होती. मला तेव्हा राग आला. आज त्या बाईंचे आभार मानावेसे वाटतात. माझी मुलगी कधी त्या सिग्नलला एकटी उभी असेल तर तिच्यासाठीही कुणीतरी असंच थांबणार होतं.

कायदाही त्याच धर्तीवर आहे. मुलानं एकटं फिरण्याचं ठरावीक वय जर्मन कायद्यात कुठेही नाही. नागरी कायदा आईवडिलांना एवढंच सांगतो की मुलाची वाढती क्षमता आणि स्वतंत्रपणे, जबाबदारीनं वागण्याची त्याची वाढती गरज लक्षात घ्या. गाडीवाल्याला मात्र नेमकं सांगितलं आहे: मुलं दिसली की वेग कमी करायचा आणि ब्रेक मारायच्या तयारीत राहायचं. दहा वर्षांखालच्या मुलाकडून रस्त्यावर गाडीशी अपघात झाला, आणि त्यानं तो मुद्दाम घडवला नसेल, तर नुकसानीची जबाबदारी त्याच्यावर टाकता येत नाही. येणाऱ्या गाडीचा वेग आणि अंतर यांचा अंदाज त्या वयात येत नाही, असं कायदाच धरून चालतो. आठ वर्षांखालच्या मुलानं सायकल चालवायची ती फुटपाथवर, नाहीतर रस्त्यापासून वेगळ्या बांधलेल्या सायकलमार्गावर. चौथीत पोलीस येऊन सायकल शिकवतात, परीक्षा घेतात. म्हणजे मूल कच्चं आहे हे सगळ्यांनी आधीच मान्य केलं आहे, आणि तरीही त्याला रस्त्यावर येऊ दिलं आहे.

(परदेश म्हणजे एकच काहीतरी, असंही नाही. अमेरिकेत युटा राज्याला २०१८ मध्ये कायदा करून सांगावं लागलं की समजत्या मुलाला शाळेत एकटं चालत जाऊ देणं म्हणजे हेळसांड नव्हे.)

पाचवीत मैत्रेयीची शाळा बदलली. आम्ही श्टुटगार्टच्या देगरलॉख भागात राहतो, शाळा शहराच्या पश्चिमेकडे. चार्लोटेनप्लाट्झला गाडी बदलावी लागते, आणि ते स्टेशन जमिनीखाली दोन मजल्यांवर आहे. पंधरा दिवस मी बरोबर गेले, आठवडाभर त्याच गाडीत पण दुसऱ्या डब्यात बसले. नंतरच्या आठवड्यात ती एकटी गेली, आणि तिसऱ्याच दिवशी उलट्या दिशेच्या गाडीत बसली. शाळेऐवजी कानश्टाटला पोचली. फोन तिच्याकडे नव्हता, माझा नंबर पाठ होता. ती एका बेकरीत शिरली आणि काउंटरवरच्या बाईंना म्हणाली, मला आईला फोन करायचा आहे. मी पायात बूट चढवत असतानाच त्या बाई मला म्हणाल्या, "तुम्ही येऊ नका. तिला कळलं आहे कुठे चुकलं ते. मी तिला समोरच्या फलाटापर्यंत सोडते, ती जाईल." मग फोन मैत्रेयीकडे दिला. तिच्या तोंडात काहीतरी होतं. बाईंनी तिला ब्रेत्सेल, गाठीच्या आकाराचा खारा पाव, खायला दिला होता.

मी बूट घालून दारात उभी राहिले. पंचवीस मिनिटांनी शाळेतून निरोप आला, पोचली.

ही हकिगत आईला सांगितली तर ती चिडली. "आणि तू गेली नाहीस?" तेव्हा मी तिला १९९१ च्या मे महिन्याची आठवण करून दिली. मी अकरा वर्षांची होते. साताऱ्याच्या स्टँडवर आईनंच मला कराडच्या एसटीत बसवलं होतं, हाफ तिकीट काढून. कंडक्टरला म्हणाली, "मास्तर, हिला कराडला उतरवा, मावशी न्यायला येईल." मास्तरांनी मला पुढच्या सीटवर बसवलं. नागठाणे, अतीत, उंब्रज, प्रत्येक थांब्याला मागे वळून बघितलं. कराडला मावशी दिसेपर्यंत त्यांनी डबल बेल दिली नाही. आईला त्या माणसाचं नावही ठाऊक नव्हतं.

आई म्हणाली, तेव्हाची गोष्ट वेगळी होती. बरोबर आहे. पण काय वेगळं होतं, ते नीट बघायला हवं. मी काही सानिकापेक्षा हुशार नव्हते. माझ्यापाशी एक मास्तर होते, जसं मैत्रेयीपाशी बेकरीवाल्या बाई होत्या. सानिकाला सिंहगड रस्त्यावर असं कोण आहे? दर पाच मिनिटांनी गिऱ्हाईक बदलणारा रिक्षावाला, फुटपाथवर चढून येणारी दुचाकी, झेब्रा पुसून गेलेला चौक. २०२२ साली भारतात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली. त्याच वर्षी जर्मनीत २,७८८. आपली लोकसंख्या त्यांच्या सतरा पट धरली, तरी मृत्यू साठ पट आहेत. बहिणीचा जीव होत नाही तो या आकड्यांमुळे, आणि तिला भित्री म्हणणाऱ्यांनी आधी हे आकडे वाचावेत.

काकांच्या ‘मुलीची जात’ या वाक्यावर मात्र मला बोलायचं आहे. मुलींवरच्या अत्याचारांच्या बातम्या वाचून माझंही पोट ढवळतं. पण राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाची आकडेवारी वर्षानुवर्षं सांगते आहे की पोक्सोखालच्या, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या कायद्याखालच्या, बलात्काराच्या प्रकरणांत नव्वद टक्क्यांहून जास्त वेळा आरोपी मुलीच्या ओळखीचा असतो. दार लावून घरात बसवल्यानं ती भीती संपत नाही. नको वाटलं तर ओरडावं, अनोळखी माणसाकडे मदत मागावी, घडलं ते आईला सांगावं, हे जिला येतं ती मुलगी दोन्हीकडे जास्त सुरक्षित असते. हे तिला घराबाहेर पडूनच येईल.

आणि हा वाद आपल्याकडचा म्हणताना आपण कुणाकडचा म्हणतो? अहिल्याबाई होळकर योजनेचा मोफत पास गळ्यात अडकवून पाचवीपासूनच्या मुली खेड्यांतून एसटीनं तालुक्याच्या शाळेला जातात. सरकारच्या मानव विकास कार्यक्रमाच्या निळ्या बसमध्ये सकाळी मुलींची गर्दी असते. बस चुकली तर चालत किंवा सायकलवर. त्यांच्या आया कुठल्या ग्रुपवर मत मागत नाहीत, कारण त्यांच्यापुढे दुसरा पर्यायच नाही. त्या मुली एकट्या जातात याचं कौतुक करून थांबणंही बरोबर नाही. गावातली एक फेरी बंद झाली की आधी मुलीची शाळा सुटते. सानिकाच्या क्लासइतकीच काळजी आपल्याला त्या फेरीची वाटायला हवी.

शहरातलं मूल सोसायटीच्या गेटपासून शाळेच्या गेटपर्यंत बसमध्ये किंवा व्हॅनमध्ये असतं. दहावीपर्यंत त्यानं रस्ता काचेतूनच बघितलेला असतो. मग अकरावीत ते एकदम बसनं, नाहीतर लायसन्स नसताना दुचाकीवर क्लासला जातं. सहाव्या वर्षापासून थोडंथोडं शिकायचं ते सोळाव्या वर्षी एका दिवसात अंगावर येतं. मला सगळ्यात जास्त भीती त्या दिवसाची वाटते.

मागच्या मे महिन्यात आम्ही पुण्याला आलो होतो. मैत्रेयी आणि सानिकाला कोपऱ्यावरून कलिंगड आणायला पाठवलं, मी गॅलरीतून बघत होते. रस्त्याच्या कडेला मैत्रेयी थिजली. श्टुटगार्टमध्ये रोज एकटी फिरणारी माझी मुलगी एक पाऊल पुढे टाकी आणि मागे येई. ती दिव्याची वाट बघत होती आणि तिथे दिवा नव्हता. सानिकानं तिचा हात धरला. दुसरा हात वर करून येणाऱ्या रिक्षाकडे थेट बघितलं, रिक्षा मंदावली, दोघी दुभाजकापर्यंत गेल्या. तिथे थांबल्या. सानिकानं दुसऱ्या बाजूचा अंदाज घेतला, एक बस जाऊ दिली आणि मैत्रेयीला ओढत पलीकडे नेलं. वर येऊन मैत्रेयी म्हणाली, "ती मला घेऊन गेली." सानिकाला त्याचं काही विशेष वाटलं नव्हतं.

म्हणून बहिणीला मी लिहिलं ते असं. तू तिला एकटीनं रस्ता ओलांडू देत नसशील तर मी तुला आग्रह करणार नाही. मी तिथे राहत असते तर मीही दिलं नसतं. पण तिला ‘तू लहान आहेस’ म्हणू नकोस, आणि ‘तू मुलगी आहेस’ असं तर अजिबात म्हणू नकोस. तिला खरं कारण सांग. सांग की तू तयार आहेस, हा रस्ता धड नाही. नाहीतर कमतरता आपल्यातच आहे असं ती धरून बसेल, आणि पुढे दहा वर्षं प्रत्येक दारात थांबून आपल्याला जमेल का असं विचारेल. आणि भावजींना म्हणावं, ‘जाऊ दे’ म्हणून पेपर वाचत बसू नका. सोसायटीच्या लेटरहेडवर महापालिकेला पत्र द्या, झेब्रा परत रंगवून घ्या, क्लासच्या वेळेला तिथे वॉर्डन मागा. एका पत्रानं होणार नाही, पाच द्यावी लागतील.

दोन दिवस तिचं उत्तर आलं नाही. मग तिनं कळवलं की पहिलं पत्र गेलं आहे आणि तोपर्यंत त्यांनी असं ठरवलं आहे: सिंहगड रस्ता ती किंवा भावजी सानिकाला ओलांडून देतात, आणि तिथून परत फिरतात. पुढचा रस्ता, वाण्याच्या दुकानावरून आणि देवळाच्या बाजूनं, ती एकटी जाते. वाण्याला सांगून ठेवलं आहे. तो म्हणाला, रोज बघतो मी तिला, काळजी करू नका.

खाली सानिकाचा आवाज होता. "मावशी, पलीकडून तीनशे बारा पावलं आहेत. येताना तीनशे वीस झाली, कारण मध्ये कुत्रा होता."