क्लिंगॉन व्हायचंय? आधी हिशेबाची वही फेका

रोजच्या बेचव शांततेचा कंटाळा आला असेल, वाद मिटवण्यापेक्षा वाढवण्याकडे ओढा असेल आणि साध्या विचारपुशीतही अपमान शोधायची सवय जडली असेल, तर तुमची जागा क्लिंगॉन साम्राज्यात आहे. ‘स्टार ट्रेक’ या अमेरिकी अंतराळ-मालिकेतली ही लढवय्यी जमात १९६७ साली पडद्यावर आली आणि तेव्हापासून तिची खुमखुमी जिरलेली नाही. तिकडे स्थायिक व्हायचा विचार पक्का असेल, तर काही गोष्टी आधीच कानावर घालतो.

चेहऱ्याची काळजी करू नका. सुरुवातीचे क्लिंगॉन आपल्यासारखेच सपाट कपाळाचे होते. कपाळावरचे ते हाडांचे उंचवटे आले १९७९च्या चित्रपटात. (मेकअपला पैसे मिळाले, एवढंच खरं कारण.) पण कथेत त्याचा खुलासा द्यायला २००५ उजाडलं आणि तो ऐकण्यासारखा आहे. माणसाची सुधारित जनुकं चोरून अजिंक्य सैनिक बनवायला गेले, त्यातून साथ पसरली आणि लाखो क्लिंगॉन कपाळावरचे उंचवटे गमावून बसले. शत्रूला नमवण्याच्या नादात शत्रूचाच चेहरा घेऊन फिरावं लागलं. तुम्हाला मात्र हे आयतंच जमेल.

शरीराचं जरा अवघड आहे. त्यांच्या हृदयाला आठ कप्पे, यकृतं दोन आणि फासळ्या तेवीस. एक निकामी झालं तर दुसरं तयार, अशी व्यवस्था. तुमच्याकडे सुटे भाग नाहीत, तेव्हा पहिल्याच भांडणात सगळं पणाला लावू नका.

नोकरीचं म्हणाल तर बढतीची पद्धत फार सुटसुटीत आहे. कप्तान दुबळा किंवा नालायक ठरला, तर त्याला ठार मारणं हे त्याच्या दुय्यम अधिकाऱ्याचं कर्तव्यच. ना मुलाखत, ना गोपनीय अहवाल. फक्त बढती मिळाल्यावर मागे कोण उभा आहे, हे अधूनमधून बघत चला.

शिक्षक, वैज्ञानिक किंवा वकील असाल तर जपून. कोलोस नावाच्या एका म्हाताऱ्या क्लिंगॉन वकिलाचे वडील शिक्षक होते आणि आई विद्यापीठात जीवशास्त्रज्ञ. समाजात पूर्वी असेही लोक असायचे, हल्लीच्या पोरांना मात्र हातात मावलं की लगेच हत्यार हवं, अशी त्याची खंत. बोलून बोलून शेवटी त्याने भर न्यायालयात न्यायाधीशालाच सुनावलं. न्यायालयाने त्याचीही रवानगी आपल्या अशिलाबरोबर रुरा पेंथेच्या बर्फातल्या खाणींत केली. तुम्ही असलं काही बोलू नका. डिग्री पेटीच्या तळाशी ठेवा आणि वर एक सुरा ठेवा.

आता अर्थव्यवस्था. १९९१च्या चित्रपटात क्लिंगॉनांचा चंद्र प्रॅक्सिस फुटतो. कारण परग्रहावरचा हल्ला वगैरे नाही. खाणी बेसुमार खोदल्या आणि सुरक्षेकडे काणाडोळा केला, बस्स. त्यांच्या मूळ ग्रहाचं वातावरण नासलं आणि साम्राज्याकडे जेमतेम पन्नास वर्षं उरली. संकट निवारायला पैसा नाही, कारण तो सगळा आधीच लष्कराच्या खर्चात गेलेला. श्वास घ्यायला हवा नाही, पण युद्धनौका चकाचक. नाइलाजाने साम्राज्याचा प्रमुख, चॅन्सेलर गॉर्कन, शत्रूशी म्हणजे माणसांच्या फेडरेशनशी तहाची बोलणी करायला निघाला आणि त्याचा खून झाला. कटात त्याचाच सेनापती होता, शिवाय शत्रूपक्षाचे बडे अधिकारीही होते. दोन्हीकडच्या लष्करी मंडळींनी मिळून इतकं मनापासून काम केलेलं त्याआधी कोणी पाहिलं नव्हतं. दोन शत्रूंचं सहकार्य शक्य आहे का, अशी शंका घेणाऱ्यांना हे उदाहरण जरूर सांगा. विषय फक्त युद्ध चालू ठेवण्याचा हवा.

आणि पैशाबद्दल तर चारचौघांत बोलूच नका. कोझाक नावाचा एक कर्जबाजारी क्लिंगॉन क्वार्कच्या बारमध्ये दारूच्या नशेत स्वतःच्याच सुरीवर पडून मेला. क्वार्क जातीचा फेरेंगी, म्हणजे पैशाचा भक्त. गिऱ्हाईक वाढावं म्हणून त्याने थाप मारली की, मीच मारला. ही थाप खपलीही, कारण अपघाती मरणात इभ्रत नाही. विधवा ग्रिल्काने क्वार्कला उचलून नेलं आणि सुरीच्या धाकाने त्याच्याशी लग्न लावलं. बाईला घराण्याची प्रमुख होता येत नाही ना! मग क्वार्कने घरातले हिशेब चाळले. प्रतिस्पर्धी डगोर कित्येक वर्षं या घराण्याची मालमत्ता पद्धतशीर पोखरत होता. आकडे घेऊन क्वार्क थेट उच्च परिषदेपुढे उभा राहिला आणि एकेक रक्कम समजावू लागला. आकाशगंगा हादरवणारे ते सरदार हातातल्या तक्त्यांकडे असे बघत होते की जणू त्यांना कोणी जिवंत पुरलंय. दोन अंकांच्या बेरजेपुढे आख्खं साम्राज्य हतबल!

शेवटी निकाल हिशेबावर लागलाच नाही, द्वंद्वावर आला. क्वार्कने हत्यार फेकून दिलं आणि म्हणाला, मारा, पण याला लढाई म्हणू नका. डगोरने खरंच आपलं हत्यार उगारलं, तेव्हा कुठे परिषदेला त्याचा नीचपणा दिसला. नि:शस्त्रावर वार करणं त्यांना कळतं, चक्रवाढ व्याज कळत नाही. तेव्हा कोणाचं घर लुबाडायचंच असेल, तर तिथे कागदोपत्री लुबाडा. कुणालाही पत्ता लागणार नाही.

म्हातारपणाची सोयही लावून ठेवलेली आहे. जायबंदी होऊन उभं राहता येईना, तर विधीपूर्वक प्राण द्यायचा आणि सुरा पोराने हातात द्यायचा. वॉर्फ या नामांकित योद्ध्यावर ही पाळी आली, तीही रणांगणावर नव्हे. गोदामातलं जड पिंप पाठीवर पडलं. त्याचा पोरगा अजून लहान, म्हणून त्याने मदतीसाठी मित्राला गळ घातली. अखेर एका डॉक्टरणीच्या प्रायोगिक शस्त्रक्रियेने आणि त्या राखीव अवयवांनी तो वाचला. उपचार घेऊन जगल्याची लाज त्याला नंतर फारशी वाटलेली दिसत नाही, पण तुम्ही हे तिकडे बोलू नका.

मेलात तर जवळचे लोक तुमचे डोळे उघडून बघतील आणि वर तोंड करून गर्जना करतील. एक योद्धा येतोय, सावध राहा, असा मृतांना तो इशारा असतो. देह म्हणजे रिकामं टरफल, त्याचं काहीही करा, त्यामुळे अंत्यविधीचा खर्च शून्य. लढता लढता मेला असाल तर स्टोव्होकोरमध्ये, म्हणजे योद्ध्यांच्या स्वर्गात, प्रवेश नक्की. तिथे क्लिंगॉनांचा आद्य वीर काहलेस याच्या खांद्याला खांदा लावून अनंतकाळ पुन्हा लढाईच करायची आहे. रजेची तरतूद नाही.