तापलेल्या रेडिएटरचं झाकण उघडू नका

‘चोर्ला घाटात गाडी तापली तर लगेच रेडिएटरचं झाकण काढून गार पाणी ओता,’ असा मेसेज बेळगाव-खानापूरकडच्या ग्रुपांवर फिरतोय. हा सल्ला चुकीचा आहे, आणि घातकही. बंद रेडिएटरमधलं पाणी दाबाखाली असतं, म्हणून १०० अंशांच्या वर जाऊनही ते उकळत नाही. झाकण सैल होताच दाब उतरतो, पाण्याची एकदम वाफ होते आणि उकळतं पाणी थेट तोंडावर उडतं. शिवाय तापलेल्या इंजिनात गार पाणी गेलं तर हेडला, म्हणजे इंजिनाच्या वरच्या धातूच्या भागाला, तडा जाऊ शकतो. गाडी कडेला घ्या, इंजिन बंद करा, निदान अर्धा तास थांबा. मेसेजमधलं एवढंच खरं: कूलंट (इंजिन गार ठेवणारं द्रव) जवळ नसेल तर इंजिन निवल्यावर साधं पाणी भरून बेळगाव गाठता येतं.