हगवण लागलेल्या पिल्लाचं पाणी तोडायला कोणी सांगितलं?

परवा रात्री मामेभावाचा फोन आला, "ताई, मेसेजमध्ये लिहिलंय तसं सगळं केलं, पावडर डबल केली, पाणी काढून घेतलं, तरी पिल्लं उठत नाहीयेत." दूध तोडून पाचच दिवस झालेली डुकराची अकरा पिल्लं. मी पोचेपर्यंत तीन गेली होती. त्याच्या फोनवर बघितलं तर तोच मेसेज, जो मलाही चार वेळा आलाय आणि दर वेळी मी काही न बोलता डिलीट केलाय. तेव्हाच बोलायला हवं होतं.

मेसेजचं म्हणणं असं: प्रोबायोटिक, म्हणजे चांगल्या जिवाणूंची, पावडर कुठलीही चालते. जन्मल्या दिवसापासून दिली की चीक कमी पडला तरी बिघडत नाही, लोहाचं इंजेक्शनही नको. हगवण लागली तर पाणी बंद करा, पावडर दुप्पट करा, औषध अजिबात देऊ नका. युरोपने हगवणीवर खाद्यातून द्यायचं झिंक ऑक्साइड बंद केलं ते प्रोबायोटिक पुरेसं आहे म्हणूनच. आणि पावडर खाणाऱ्या डुकराला आफ्रिकन स्वाइन फीव्हर हा डुकरांचा जीवघेणा आजार होत नाही.

आधी पाण्याचं बोलते, कारण जीव त्यात जातायत. दूध तुटल्यावर जी हगवण लागते ती बऱ्याचदा ई. कोलाय या जिवाणूच्या विषारी जातींची असते. एफ४ किंवा एफ१८ नावाच्या बारीक तंतूंनी हे जिवाणू आतड्याला आतून चिकटतात आणि विष सोडतात, आणि त्या विषामुळे आतड्याच्या पेशी शरीरातलंच मीठ आणि पाणी आतड्यात ओतायला लागतात. म्हणजे मागून जे वाहतंय ते पिल्लाने आत्ता प्यायलेलं पाणी नाहीच, ते त्याच्या रक्तातलं पाणी आहे! भांडं काढून घेतलं म्हणून ते वाहायचं थांबत नाही, फक्त भरपाई थांबते. डोळे खोल जातात, कातडी चिमटीत धरून सोडली तर तशीच उभी राहते, अंग गार पडतं आणि संध्याकाळी चालतं असलेलं पिल्लू सकाळी मेलेलं सापडतं. हगवणीने मेलं असं आपण म्हणतो, पण बहुतेक वेळा ते पाणी आटून मेलेलं असतं. आणि या आजारात आतड्याचं एक काम शाबूत राहतं, ग्लुकोज आणि मीठ एकत्र आलं तर ते शोषलं जातं आणि त्याच्या मागोमाग पाणीही आत खेचलं जातं. म्हणून इलेक्ट्रोलाइटचं, म्हणजे मीठ आणि ग्लुकोज घातलेलं, पाणी द्यायचं, शेजारी साधं पाणी वेगळ्या भांड्यात ठेवायचं, जागा कोरडी आणि उबदार करायची आणि डॉक्टरांना बोलवायचं.

पावडर दुप्पट करून काय होणार? जे जिवाणू आधीच चिकटून विष सोडतायत त्यांना ती उखडून काढत नाही. औषध द्यायचं की नाही आणि कुठलं, हे विष्ठा तपासून डॉक्टर ठरवतील. अँटिबायोटिकबद्दलची भीती खोटी नाही, हे मान्य. २०१५ मध्ये चीनमधल्या डुकरांच्या ई. कोलायमध्ये कॉलिस्टिन या अँटिबायोटिकला दाद न देणारं एमसीआर-१ जनुक सापडलं, ते उगाच गाजलं नाही. पण ऊठसूट अँटिबायोटिक देऊ नका म्हणणं वेगळं आणि मरायला टेकलेल्या पिल्लाला औषधच देऊ नका म्हणणं वेगळं.

"कुठलीही चालते" याला उत्तर एकच. एफएओ (संयुक्त राष्ट्रांची अन्न आणि शेती संघटना) आणि डब्ल्यूएचओने (जागतिक आरोग्य संघटना) २००१ मध्ये प्रोबायोटिकची व्याख्या केली, तिचा अर्थ असा की पुरेशा प्रमाणात दिल्यावर आरोग्याला फायदा करतात ते जिवंत सूक्ष्मजीव. त्यातला एकेक शब्द धरून डबा वाचा. जिवंत? लॅक्टोबॅसिलस हा जिवाणू पेलेट (खाद्याच्या गोळ्या) बनवतानाच्या उष्णतेत सहसा टिकत नाही, बॅसिलस सबटिलिससारख्याचे स्पोअर, म्हणजे कडक कवचात निजलेले जिवाणू, टिकतात. पुरेसे? मग डब्यावर एका ग्रॅममध्ये किती जिवाणू आहेत ते लिहिलेलं हवं. फायदा? तो त्या ठराविक जातीचा असतो, एका जातीचा गुण दुसऱ्या जातीला लागू होत नाही. भावाच्या डब्यावर जातीचं नाव नव्हतं, संख्या नव्हती, एक्स्पायरी तेवढी होती आणि तीही उलटून गेलेली.

चीक आणि लोह. डुकरिणीच्या वारेतून पिल्लाला अँटिबॉडी (रोगाशी लढणारी प्रथिनं) मिळत नाहीत, त्या फक्त चिकातून मिळतात आणि २४ ते ३६ तासांत आतडं त्या आत घ्यायचं बंद करतं. कुठलीच पावडर अँटिबॉडी बनवत नाही. लोहाचंही तसंच, पिल्लाला रोज साधारण ७ मिलिग्रॅम लागतं आणि दुधातून जेमतेम १ मिळतं. जिवाणू लोह तयार करत नाहीत, त्यामुळे इंजेक्शन द्यावंच लागतं.

युरोपचं अर्धं खरं आहे. औषधी मात्रेतलं झिंक ऑक्साइड तिथे जून २०२२ पासून बंद झालं, पण कारण होतं खतातून जमिनीत आणि पाण्यात साचणारं झिंक, शिवाय औषधाला न जुमानणारे जिवाणू वाढायची भीती. प्रोबायोटिक पुरेसं आहे म्हणून कोणी बंद केलेलं नाही.

आफ्रिकन स्वाइन फीव्हरवर तर जास्त बोलायलाही नको. तो विषाणू रक्तातल्या आणि अवयवांतल्या पेशींत वाढतो, त्यावर औषध नाही, आणि आतड्यातले चांगले जिवाणू त्याला अडवत नाहीत.

मी प्रोबायोटिकच्या विरोधात नाही, माझ्याकडेही वापरते. चांगल्या जातीची पावडर आजाराच्या आधीपासून दिली तर काही ठिकाणी हगवण कमी होते आणि वजन थोडं बरं भरतं, काही ठिकाणी काहीच फरक दिसत नाही. राहिलेल्या आठांपैकी सात आता खायला लागलीयेत. पुढच्या वेताला स्पोअरवाली पावडर दूध तोडायच्या आठवडाभर आधीपासून सुरू करायची असं भावाचं आणि माझं ठरलंय, आणि हगवण दिसली की आधी पाण्याची भांडी भरायची, मग लगेच डॉक्टरांना फोन.