मिलिशिया पळाली, हे खरंच आहे, पण...

नमस्कार. तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धावरच्या लेखात मी मिलिशियाला, म्हणजे गावोगावच्या शेतकरी-कारागिरांच्या फौजेला, उगाच डोक्यावर घेतलं असं तुमचं म्हणणं. साउथ कॅरोलिनात कॅम्डेनच्या लढाईत ही माणसं पळाली, खुद्द वॉशिंग्टनने त्यांना मोडकी काठी म्हटलं आणि युद्ध जिंकलं ते कायम सैन्याने व फ्रेंचांनी, असे तुमचे तीन मुद्दे. तिन्हींत तथ्य आहे. तरी माझं मत बदललेलं नाही. का, ते सांगते.

कॅम्डेनची लढाई 16 ऑगस्ट 1780ची. आदल्या रात्री अर्धंकच्चं मांस आणि काकवी पोटात गेलेली, जुलाबांनी बेजार झालेली ही माणसं अंधारात चालत आली होती. सकाळी त्यांचा सेनापती जनरल गेट्सने त्यांना ब्रिटिशांच्या कसलेल्या पलटणींसमोर उभं केलं. संगिनी रोखून पलटणी चालून आल्या, तशी व्हर्जिनिया आणि नॉर्थ कॅरोलिनाची बहुतेक मिलिशिया फुटली. गेट्सही घोड्यावरून निघून गेला. मागे राहून लढले ते मेरीलँड आणि डेलावेअरचे कायम सैनिक.

पाचच महिन्यांनी, 17 जानेवारी 1781ला, काउपेन्सच्या लढाईत अमेरिकन सेनानी डॅनियल मॉर्गनच्या हाताखाली अशीच माणसं होती. मॉर्गन आदल्या रात्री शेकोट्या-शेकोट्यांवर फिरला. दोन-तीन फैरी नेमक्या झाडा आणि मागे या, एवढंच त्याने मागितलं. ती मागे वळताच ती पळाली असं समजून ब्रिटिश अधिकारी टार्लटनचे सैनिक रांगा मोडून धावले आणि थेट मॉर्गनच्या कायम सैनिकांपुढे आले. तेवढ्यात मिलिशियाचा अधिकारी पिकन्सने मागे आलेली मिलिशिया सावरून पुन्हा लढाईत घातली. तासाभरात शंभरावर ब्रिटिश ठार, सातशेहून जास्त कैद. कॅम्डेनचा दोष म्हणून मी माणसांपेक्षा सेनापतीला जास्त देते.

वॉशिंग्टनचं ते वाक्य सप्टेंबर 1776मधल्या पत्रातलं आहे. न्यूयॉर्क हातचं गेलं होतं आणि तो काँग्रेसकडे, म्हणजे वसाहतींच्या प्रतिनिधी सभेकडे, दीर्घ मुदतीचं सैन्य मागत होता. मागणी रास्तच होती. पण मैदानात टिकणं हे मिलिशियाचं खरं काम नव्हतंच. ब्रिटिश फौज गावातून पुढे गेली की गाव पुन्हा मिलिशियाच्या हाती येई. राजाशी निष्ठावान शेजाऱ्यांवर तिची नजर असे, रसद आणायला निघालेल्या तुकड्यांवर ती तुटून पडे. 7 ऑक्टोबर 1780ला किंग्ज माउंटनवर राजनिष्ठांच्या फौजेचा सेनानी फर्ग्युसन मारला गेला. तिथे दोन्हीकडून लढणारे जवळजवळ सगळे अमेरिकनच होते; ब्रिटिश होता तो एकटा फर्ग्युसन. त्यानंतर कॅरोलिनात राजाच्या बाजूने उघडपणे पुढे यायला माणसं कचरू लागली. दक्षिणेतला ब्रिटिश सेनापती कॉर्नवॉलिस लढाया जिंकत राहिला, पण मुलूख त्याच्या हाती राहिना. अखेर तो व्हर्जिनियात गेला आणि यॉर्कटाउनला अडकला. तिथे समुद्र अडवला तो फ्रेंच आरमारानेच, हे तुमचं अगदी बरोबर. (हाच कॉर्नवॉलिस पुढे 1792मध्ये मराठे आणि निजाम यांना सोबत घेऊन श्रीरंगपट्टणवर चालून गेला.)

माझ्या लेखात खरी चूक आहे, पण तुम्ही म्हणता ती नाही. न्यू इंग्लंडमध्ये मिलिशियाचे लोक आपला कॅप्टन मतं देऊन निवडत, हे मी कौतुकाने लिहिलं. 7 मार्च 1782ला ओहायोतल्या नाडेनहुटेन गावी पेनसिल्व्हेनियाच्या मिलिशियानेही मतं घेतली. पकडलेले लेनापे (तिथले मूळ रहिवासी) लोक ख्रिस्ती झालेले होते, शस्त्र न धरणारे होते, शेतात राहिलेला मका न्यायला परतले होते. काही थोड्यांनी विरोध केला. बहुमत ठार मारण्याच्या बाजूने पडलं. कैद्यांनी ती रात्र प्रार्थनेत आणि भजनात काढली. सकाळी 96 जण मारले गेले, त्यांत 39 मुलं. शिक्षा कुणालाच झाली नाही. हा भाग मी लेखात निवडणुकीच्या त्या परिच्छेदाला लागूनच घालते आहे.